सेकंड शिफ्टची फर्माईश

आधी माफी मागून घेतो, म्हणजे पुढे प्रत्येक पानावर मागावी लागणार नाही. मी लेखक नाही. मराठी लेखक तर नाहीच. भिलाईत वाढलो, शाळा हिंदीत झाली, कॉलेज हिंदीत चाललं आहे, मित्रांशी भांडतो तेही हिंदीत. आमच्या घरात जेवायला मराठीत बोलावतात आणि रागावतात मराठीत, अर्ज मात्र हिंदीतच लिहितात. त्यामुळे मी मराठी बहुतेक वेळा एकतर भूक लागलेली असताना ऐकली आहे किंवा काहीतरी चूक केलेली असताना. अशा माणसाने ती लिहायला बसावं हा आगाऊपणाच आहे. त्यात सांगायचं आहे ते रेडिओबद्दल, आणि मी रेडिओ ऐकत नव्हतो. हेही आताच सांगून टाकतो.

तरी लिहितो आहे, कारण बाबांच्या दोन बहिणी गोंदियाकडे असतात. त्यांना फोनवर ही हकिकत सांगताना बाबा दर वेळी मधेच थांबतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "बाकीचं पोट्टा लिहून पाठवीन." पोट्टा म्हणजे मी.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. पहिल्या माणसाची एक अडचण असते. कुठे हात वर करायचा आणि कुठे खाली ठेवायचा, हे त्याला घरी कोणी सांगितलेलं नसतं. दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या इतिहासाच्या सरांनी एक कार्यशाळा ठेवली. बाहेरून एक ताई आल्या होत्या. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश असतो, त्यात कोणीही लिहू शकतो, हे त्यांनी पडद्यावर दाखवलं. मग म्हणाल्या की आपल्या भागातल्या रेडिओ केंद्रांबद्दल तिथे जवळजवळ काहीच नाही. स्वयंसेवक जमवून हा इतिहास लिहायला हवा. कोण पुढे येईल?

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मागच्या सगळ्या रांगा तोवर चहाला निघून गेल्या होत्या. ताईंनी मला टी-शर्ट दिला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'स्वयंसेवक' असं हिंदीत लिहिलेलं होतं. मी घरी येईपर्यंत स्वतःला त्याच्या वरची जागा दिली होती. आरशासमोर उभा राहून हळूच म्हणून पाहिलं, "समन्वयक." बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फळ्यावर मी सूचना लावली. रेडिओचा इतिहास वाचवा, कँटीनमागे भेटा. भेटायला एक मुलगी आणि दोन मुलं आली. मुलीने विचारलं, सर्टिफिकेट मिळणार का? मी म्हणालो, समाधान मिळेल. ती उठलीच. मुलांपैकी एकाने मला पाहताच पोटातून आवाज काढला, "नमस्कार भिलाई." त्याला वाटलं होतं की रेडिओवर बोलणाऱ्यांची निवड आहे. तसं नाही हे कळल्यावर त्याचा आवाज एकदम बारीक झाला आणि त्याच बारीक आवाजात तो म्हणाला, "मतलब टाइपिंग करना है?" दुसरा त्याच्यासोबत आला होता, तो त्याच्यासोबतच गेला.

त्या संध्याकाळी मी जेवताना गप्प होतो. आईने विचारलं, "कावून तोंड पाडून बसला?" मी सांगितलं की रेडिओची माहिती असणारी माणसं हवी आहेत आणि ती या गावात कुठे नाहीतच.

बाबा पोळीचा तुकडा मोडत होते. ते इथल्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लँटमधे, कोक ओव्हनच्या भट्टीवर आहेत. कामावर मशीनच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं, म्हणून की काय, घरी ते बोलतच नाहीत. ते म्हणाले, "मले विचारलं नाई तू."

"तुमाले रेडिओचं का माहीत, बाबा?"

आई एवढी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. "यायले का माहीत म्हणते. अरे, लगन जुळून राहिलं होतं तवा तुह्या आजोबानं विचारलं, पोरगा का करते? तं मधातला माणूस म्हणे, प्लँटमधे हाय अन् रेडिओले कार्ड लिहिते. माह्या बापाले वाटलं दोन-दोन नौकऱ्या हायत."

अशा रीतीने मला कळलं की माझे बाबा श्रोता संघाचे सभासद आहेत. आमच्या भागात हे संघ गावोगावी आहेत. रेडिओ ऐकणाऱ्यांनी मिळून काढलेले, अध्यक्ष, सचिव सगळं असलेले. त्यांचं मुख्य काम फर्माईश पाठवणं. बाबांच्या तरुणपणी ती पोस्टकार्डावर जायची आणि लिहिण्याची रीत ठरलेली होती. आधी गावाचं नाव, मग स्वतःचं, मग सौभाग्यवतीचं, मग मुलांची घरातली नावं, मग शेजारी आणि शेवटी 'व समस्त मित्रमंडळी'. गाण्याचं नाव उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मावेल तसं. कारण गाणं तर कोणाच्याही कार्डावर लागणारच असतं. आपलं नाव वाचलं जाणं ही खरी गोष्ट.

"मंग तुमचं नाव किती वेळा आलं?" मी विचारलं.

आईने हसणं थांबवलं. बाबांनी वरण घेतलं. मग त्यांनी जे सांगितलं ते आईला माहीत होतं, मला नव्हतं.

लग्नाच्या आधीची गोष्ट. ते एका क्वार्टरमधे गोंदियाकडच्याच काही मुलांसोबत राहत होते. कार्डं बरीच पाठवली, एकही वाचलं गेलं नाही. मग एक महिना असा आला की खोलीतल्या सगळ्यांचीच सेकंड शिफ्ट लागली, आणि फर्माईशचा कार्यक्रम संध्याकाळचा. एका रात्री सुटून गेटबाहेर चहाच्या टपरीवर आले, तर फर्स्ट शिफ्टचा एक मित्र तिथे वाट बघत बसला होता. तो म्हणाला, "आज तुझं नाव आलं." टपरीवरचे सगळे हसले. कारण त्या मित्राचं बोलणं म्हणजे मजाक, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने एकदा एका नव्या नवरदेवाला, सासरे आले आहेत म्हणून, दुर्ग स्टेशनवर पाठवलं होतं. सासरे त्या वेळी आपल्या शेतात होते. तेव्हा बाबाही हसले.

"परत विचारलं नाई?"

"कायले विचारू? दोनदा विचारलं असतं तं अजून हसले असते." थोडं थांबून म्हणाले, "मंग त्याची बदली झाली. तिकडंच वारला तो."

कार्डात काय लिहिलं होतं, असं मी विचारलं. बाबा आईकडे पाहू लागले. आई म्हणाली, "सांगा ना, पोराले लाजता का?" तेव्हा त्यांनी सांगितलं. खोलीतल्या सगळ्यांची नावं लिहून झाल्यावर थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी कोणाला न दाखवता लिहिलं होतं, 'और सेकंड शिफ्ट के उन सभी भाइयों के लिए, जो यह गाना सुन नहीं पाएँगे.'

"जे ऐकनारच नाई त्याइच्यासाठी गानं," आई म्हणाली. "असा माणूस हाय."

"हे कुठं बोलू नको," बाबा मला म्हणाले. "संघातल्याइले माहीत नाई. हसतीन." मग ताटावरून उठता उठता, हात धुवायच्या आधी, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू एवढ्या लोकाइले विचारून राहिला... तं कोनी ऐकलं असन तं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माझ्या अंगात तो टी-शर्ट होता. मी म्हणालो, "बाबा, मी शोधून काढतो."

रविवारी बाबांना स्कूटरवर मागे बसवून मी जवळच्या उतई गावाला गेलो. संघाचे सचिव आमच्याच गोंदियाकडचे, त्यांचं बाजारात बी-बियाण्याचं दुकान आहे. रविवारी दुकानाच्या ओट्यावर सगळे जमतात, मधे रेडिओ. बाबांना पाहताच सचिवकाका म्हणाले, "या, या. याइचं नाव आलं होतं म्हणे."

"म्हणे," दुसरा कोणीतरी म्हणाला आणि सगळे हसले. ही त्यांची जुनी थट्टा होती, दर रविवारची असावी, कारण बाबांना जागा करून देता देता ती झाली. बाबाही हसले. मी बाबांकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं.

मला विचारण्यात आलं की मी कोणता कार्यक्रम ऐकतो. मी म्हणालो, "सगळेच चांगले असतात." ओट्यावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मी घाईने मुद्द्यावर आलो. ज्ञानकोश उघडून दाखवला. म्हणालो, आपल्या केंद्राचं पान इथे बनवायचं आहे, तुमच्या आठवणींतून त्याचा इतिहास उभा राहील.

"इथं लिहू कोन शकते?" सचिवकाकांनी विचारलं.

"कोणीही."

"अन् वाचते कोन?"

"सगळं जग वाचते, काका."

"अन् निवडते कोन?"

"कोणीच नाही. तुम्ही लिहिलं की झालं."

ओट्यावरचे सगळे माझ्या फोनकडे सरकले. मला वाटलं, इतिहासाच्या जबाबदारीने ते गंभीर झाले आहेत. आता विचार करतो तर वाटतं, अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात एका ओळीच्या जागेसाठी आयुष्यभर कार्डं टाकलेल्या माणसांना मी काय सांगून बसलो होतो. पण त्या वेळी मला फक्त आनंद झाला. सगळ्यांनी तिथेच नाव नोंदवलं. बाजारात नेटवर्क नीट मिळत नव्हतं म्हणून सगळ्यांचे फोन मी माझ्याच फोनच्या हॉटस्पॉटला जोडले. समन्वयकाने एवढं तर करायलाच हवं.

पुढे काही दिवस मी पानाच्या सुरुवातीचे दोन परिच्छेद लिहीत बसलो. केंद्र कुठे आहे, कार्यक्रम कोणत्या भाषांत होतात, इतकंच. पुस्तकांत काही सापडत नव्हतं. पण फोन सारखा वाजायचा. अमक्याने भर घातली, तमक्याने भर घातली. पान न उघडताच मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, सर, लोकांचा प्रतिसाद फार मोठा आहे. सर खूश झाले. त्यांनी आपल्या कंप्यूटरवर पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले.

माझे दोन परिच्छेद झाले. मग आलं 'इतिहास' हे शीर्षक. त्याखाली उतईहून एक गृहस्थ, त्यांच्या सौभाग्यवती, तीन मुलं, एक जावई व समस्त मित्रमंडळी. मग दुर्गच्या पद्मनाभपुरातून एक सेवानिवृत्त शिक्षक, सहपरिवार. मग पुन्हा उतई. सर खाली खाली जात राहिले. नावं संपेनात.

"हे काय आहे?" सरांनी हिंदीत विचारलं.

"सर, हे श्रोते आहेत."

"आणि हे शेवटी? 'कृपया हमारी पसंद का गीत जल्द सुनवाएँ'?"

"सर," मी म्हणालो, "ती फर्माईश आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते चांगले आहेत, ओरडले नाहीत. म्हणाले, "काढून टाक, बेटा."

मी काढायला बसलो. पण ज्याचं नाव काढायचं त्याच्यासोबत मी चहा प्यायलो होतो. कोणाला फोनवर अक्षर कसं मोठं करायचं ते शिकवलं होतं. मी अर्धी नावं काढली. दुसऱ्या दिवशी वाईट वाटून परत घातली. त्या सगळ्या यादीत बाबांचं नाव नव्हतं. मी घालतो म्हणालो तर ते म्हणाले, "माहं नको. आलं का नाई माहीत नाई, खोटं कायले?" बाकीच्यांनी आपली नातवंडं घातली होती, ज्यांचा जन्म त्या कार्डांच्या काळात झालाही नव्हता. पण रोज संध्याकाळी बाबा बूट काढता काढता एवढंच विचारायचे, "कोनी लिहिलं का?" त्यांना इतिहास विचारायचा नसायचा, हे मला आणि आईला कळायचं. मी सांगायचो, "नावं आली बरीच." ते म्हणायचे, "बरं."

मग दूर कुठल्या तरी शहरातल्या एका जाणत्या संपादकाने पानावर पिवळी पट्टी लावली. या पानाला छापील संदर्भ नाहीत, हे पान वगळावं का, चर्चा करावी. चर्चा हा शब्द वाचून मी चूक केली. संघाला कळवलं की पान वाचवायचं असेल तर चर्चेत भाग घ्या. संघाच्या दृष्टीने चर्चेत भाग घेण्याची रीत एकच होती. पुन्हा गावाचं नाव, स्वतःचं, सौभाग्यवतीचं आणि शेवटी, 'हम सबको यह पृष्ठ बहुत पसंद है'. एकामागून एक, एकाच दिवशी, एकाच ओट्यावरून, माझ्याच हॉटस्पॉटवरून. मी त्या दिवशी मुद्दाम वर्ग बुडवून उतईला गेलो होतो, त्यांना मदत करायला.

संपादकाने लिहिलं की ही सगळी खाती एकच व्यक्ती चालवत असल्याचं दिसतं. एवढे श्रोते प्रत्यक्षात नसावेत. पान वगळलं गेलं आणि ती एक व्यक्ती, म्हणजे मी, बंद केली गेली. खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

हे ओट्यावर जाऊन सांगायचं होतं. बाबा म्हणाले, मीही येतो. मी सांगितलं. आधी कोणाला कळलंच नाही.

"म्हंजे तो का म्हणते?" सचिवकाकांनी विचारलं.

"काका, तो म्हणते तुम्ही कोणी नाही. सगळे मीच आहे."

"मी नाई?" सचिवकाका उभे राहिले. मागे भिंतीवर त्यांच्या दुकानाचं लायसन लावलेलं होतं, त्यावर त्यांचा फोटो होता. त्यांनी एकदा त्या फोटोकडे पाहिलं. "माह्या घरवालीले सांग म्हणा, मी नाई म्हणून. तिचं अर्धं आयुष्य वाचन."

"भैया, हमर नाती घलो नइ हे का?" एका काकांनी छत्तीसगढीत विचारलं. आमचा नातूही नाही का? सगळे हसले, पण हसणं लवकर संपलं. मी नियम समजावून सांगितला. जे लिहायचं ते कुठेतरी छापून आलेलं पाहिजे.

"आमी ऐकलं, ते चालत नाई?"

"नाही, काका. छापलेलं पाहिजे."

"रेडिओवरचं छापलेलं?"

बाबा ओट्याच्या कडेला बसले होते. ते म्हणाले, "याच्यापायी आमी सगळे हाच झालो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले.

मी काम सोडून दिलं. टी-शर्ट आईने कूलर पुसायला घेतला. 'स्वयंसेवक' हा शब्द काही दिवस खिडकीत वाळत पडलेला दिसायचा. बाबा कामावरून यायचे, बूट काढायचे आणि काही विचारायचे नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर मी निदान नाही तरी म्हणालो असतो. आई एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "इतके वर्षं तो माणूस ते विसरून बसला होता. तूच उकरून काढलं." रागावून नाही म्हणाली. तेही एक बरं, कारण तिने मराठीत म्हटलं होतं.

यानंतर जे झालं ते सगळ्या दुर्ग जिल्ह्याला माहीत होतं, मला सोडून. कारण ते रेडिओवर झालं.

आता फर्माईशसाठी कार्ड लागत नाही, फोन लावावा लागतो. कार्यक्रम चालू असताना लोक फोन लावत राहतात, ज्याचा लागेल तो बोलतो. सचिवकाकांचा एका संध्याकाळी लागला. निवेदिकेने विचारलं, कोणतं गाणं ऐकणार? काका म्हणाले, गाणं राहू द्या, मॅडम. मग त्यांनी सांगितलं की इंटरनेटवर कोणीतरी म्हणतंय, उतई-भिलाईचे श्रोते नाहीतच, एक कॉलेजचा पोरगाच सगळे फोन आणि कार्डं करतो. तेव्हा ज्यांनी आमची नावं कधी ऐकली असतील त्यांनी साक्ष द्यावी. निवेदिका हसल्या आणि म्हणाल्या, मी साक्ष देते. पण काकांनी जे मागितलं होतं ते लोकांनी मनावर घेतलं. पुढच्या कार्यक्रमांत फोन लावणारे गाण्याच्या आधी सांगू लागले की उतईचं अमुक नाव आम्ही लहानपणी ऐकलं आहे, तमक्यांच्या मुलीच्या वाढदिवसाचं गाणं ऐकलं आहे. कँटीनवाल्याने एकदा मला चहा देता देता विचारलं, "तुम वही हो क्या, जो सब लोग हो?" मला वाटलं तो काहीतरी तत्त्वज्ञान सांगतो आहे. मी हो म्हणालो.

एका दिवशी कॉलेजात चाचणी परीक्षा होती. फोन बॅगेत, बॅग दाराबाहेर. अर्धा पेपर झाला असेल, बाहेर फोन थरथरायला लागला. थांबला, पुन्हा सुरू झाला. प्लँटमधे काम करणाऱ्यांच्या घरी फोन असा वारंवार वाजला की डोक्यात एकच गोष्ट येते. बाबांची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, पण ते मला बाहेर पळत गेल्यावर आठवलं. पेपर टेबलावर तसाच राहिला.

फोन सचिवकाकांचे होते. मी लावला.

"काका, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे हायत ना बापा. तू रेडिओ ऐकला का आज?"

"नाही, काका."

"तू कवा ऐकतो म्हणा. ऐक आता. आज दुपारच्या कार्यक्रमात कुम्हारीहून एका बाईचा फोन लागला. आपल्या तिकडचीच हाय, मराठी. म्हणे, मी नवीन लगन होऊन आली होती. मालक सेकंड शिफ्टले जायचे, मी एकटी रेडिओ लावून बसायची. एक दिवस एक कार्ड वाचलं. आडनाव ध्यानात राहिलं, कावून का तेच माह्या माहेरचं आडनाव." काकांनी आमचं आडनाव सांगितलं, जणू मला ते माहीत नसावं. "अन् म्हणे, त्या कार्डात शेवटी लिहिलं होतं, सेकंड शिफ्टच्या त्या भावाइसाठी, जे हे गानं ऐकू शकत नाईत. म्हणे, मले वाटलं कोनी माह्या घरासाठी लिहिलं. मालक घरी आले तं मी त्याइले सांगितलं, आज तुमच्यासाठी गानं लागलं होतं. ते म्हणे, कोनतं? तं गानं माह्या ध्यानात नाई राहिलं."

वर्गातल्या मॅडम दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनाही हाताने थांबा म्हणालो. असं मी कधी कोणाला म्हटलेलं नाही.

"काका, बाबांनी ऐकलं का?"

"तोच तं घोटाळा हाय. त्यानं रेडिओ लावलाच नव्हता. मी फोन केला, म्हटलं, तुझं नाव आलं होतं बे, खरंच आलं होतं. तं म्हणे, मजाक नको करू. मी म्हटलं, अरे मजाक नाई, बाई सांगून राहिली. म्हणे, मजाक नको करू. मंग मी त्याले ते सेकंड शिफ्टवालं सांगितलं. ते ऐकलं अन् एकदम चूप झाला. मंग फोन कटला. मले वाटलं रागावला का? ते त्यानं लिहिलं होतं का रे?"

"हो, काका. त्यांनीच लिहिलं होतं."

"आमाले तं कवा सांगितलं नाई," काका म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "इतके वर्षं आमी हसून राहिलो."

मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. बाबांनीच उचलला. पलीकडे रेडिओचा आवाज येत होता, बातम्या चालू होत्या. म्हणजे त्यांनी तो मागाहून लावला असावा.

"कुठं हायेस?"

"कॉलेजात, बाबा."

"पेपर झाला का?"

"झाला," मी म्हणालो.

त्यांनी घसा खाकरला. मला सगळं माहीत होतं, पण सांगणं मी त्यांच्यावर सोडलं. रेडिओचा आवाज त्यांनी कमी केला.

"एक सांगतो. हसू नको."

"नाही हसत, बाबा."

"नाव आलं होतं, बेटा. त्या रात्री त्यानं मजाक नव्हती केली."